वॉट किती आणि आवाज किती? गिटारचा विवर्धक निवडताना

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना कानांवर काय पडते ते पिंपरी-चिंचवडच्या मुलांना सांगायला नको. पत्र्यावर साचा आदळत असतो, प्रेसची धाडधाड एका ठरावीक लयीत चालू असते आणि मध्येच ग्राइंडर किंचाळतो. चाकणकडे एखाद्या फोर्जिंगच्या कारखान्याजवळ उभे राहिलात, तर घणाचे ठोके कानांआधी पायांना कळतात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे असेच कारखान्यांचे गाव. ‘हेवी मेटल’ या नावाने ओळखले जाणारे संगीत तेथे जन्मले असे मानतात. तेथील टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टोक तुटले. तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका उजवाच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर कातडे चिकटवले आणि बारीक तारा वापरायला सुरुवात केली. पुढे दाबायला सोपे जावे म्हणून तो तारा सैल लावू लागला. तार सैल केली की स्वर खाली उतरतो. ‘ब्लॅक सबाथ’ या त्याच्या वाद्यवृंदाचा तो जड, खालचा आवाज अंशतः या अपघातातून आला. तो आवाज मोठा करणारे विवर्धक त्याच गावातल्या लिंडन लेनी या तरुणाने १९६७ साली सुरू केलेल्या व्यवसायातून येत.

निगडीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातही आता असे संगीत वाजवणारी मुले आहेत. आमच्या प्रयोगशाळेत त्यांतला कोणी ना कोणी दरवर्षी एकच प्रश्न घेऊन येतो : “सर, दहा हजारांत जास्तीत जास्त किती वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर मिळेल?” हे दहा हजार पुष्कळदा वडिलांच्या ओव्हरटाइमचे असतात, किंवा सुट्टीत असेंब्ली लाइनवर उभे राहून त्या मुलाने स्वतः मिळवलेले असतात. ते दुसऱ्यांदा खर्च करता येणार नाहीत. म्हणून प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा. पण तो तिरपा विचारलेला आहे, आणि का तिरपा आहे हे सांगायला दहावीपर्यंतचे भौतिकशास्त्र जवळजवळ पुरते.

आधी विवर्धक करतो काय ते पाहू. विजेच्या गिटारमध्ये तारांखाली चुंबकावर गुंडाळलेले वेटोळे असते. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युत्दाब निर्माण होतो. फॅराडेचा नियम तो हाच. हा दाब साधारणपणे एक दशांश व्होल्टच्या आसपास असतो. स्पीकरचा संरोध, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा त्याचा विरोध, ८ ओहम असेल आणि त्याला १५ वॉट द्यायचे असतील, तर सुमारे ११ व्होल्ट लागतात. म्हणजे दाब शंभरपटींहून अधिक वाढवायचा. वाढवायचा म्हणजे ताणायचा नव्हे. विवर्धक ही नळाची चावी आहे. पाणी येते ते भिंतीतल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यातून. गिटारचा अशक्त संदेश फक्त चावी कमीजास्त फिरवतो.

नळाला टाकीपेक्षा जास्त पाणी देता येत नाही. विवर्धकाच्या आतला पुरवठा समजा २० व्होल्टचा असेल आणि गिटारचा संदेश ४० व्होल्ट मागू लागला, तर तरंग २० व्होल्टपर्यंत चढतो आणि तेथे सपाट होतो. डोंगराचा माथा कापून पठार करावे तसे. खालच्या दरीचेही तेच. कॉलेजातल्या दोलनदर्शकाच्या पडद्यावर हे पाहण्यासारखे असते : गोलाईदार तरंगाचे बघता बघता चौकोन होतात. फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलेल्या रीतीने चौकोनी तरंगाचे पृथक्करण केले, तर त्यात मूळ कंप्रतेखेरीज तिच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा कंप्रता आढळतात. तिप्पट कंप्रतेचा जोर मूळच्या एकतृतीयांश, पाचपटीचा एकपंचमांश. हे अधिस्वर मूळ तारेच्या आवाजात मिसळले की आवाज खरखरीत, दाट आणि लांबत जाणारा होतो. सभेतल्या भाषणासाठी ही विकृती म्हणजे दोष. जड संगीतात तीच हवी असते.

या विकृतीचा एक जुना आणि स्वस्त नमुना प्रसिद्ध आहे. १९६४ साली ‘द किंक्स’ या इंग्लिश वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या, स्वस्त विवर्धकाच्या स्पीकरचा कागदी शंकू ब्लेडने चिरला, असे तो सांगतो. त्या फाटक्या कागदाच्या फडफडाटातून ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्याचा आवाज निघाला. (हा प्रयोग घरच्या रेडिओवर करू नये!)

आज कागद फाडावा लागत नाही. संदेशाच्या वाटेवर दोन सिलिकॉन डायोड एकमेकांना उलट दिशेने जोडले की सुमारे ०.६ व्होल्टच्या वरचा भाग दोन्ही बाजूंनी कापला जातो. हे डायोड रुपया-दोन रुपयांना मिळतात. आता या गोष्टीचे महत्त्व लक्षात घ्या. जड आवाजाचा ‘जडपणा’ ०.६ व्होल्टवर, काही मिलिवॉट शक्तीवर तयार होतो. त्याच्याशी मागच्या शक्तिशाली भागाचा फारसा संबंध नाही. म्हणून विवर्धकावर पाहायची पहिली गोष्ट वॉट नव्हे, तर बटणे. ‘गेन’ आणि ‘व्हॉल्यूम’ किंवा ‘मास्टर’ अशी दोन वेगळी बटणे असतील, तर पहिल्याने तरंग हवा तेवढा कापता येतो आणि दुसऱ्याने तो कापलेला तरंग हळू किंवा मोठ्याने ऐकता येतो. एकच बटण असलेल्या विवर्धकात कापाकापीसाठी आवाज शेवटपर्यंत वाढवावा लागतो, आणि मग शेजारचे काका दार ठोठावतात.

षड्ज, पंचम आणि न वाजवलेला स्वर

जड संगीत वाजवणारी मुले बहुतेक वेळ फक्त दोन स्वर एकत्र छेडतात आणि त्याला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात. त्यात नवे काही नाही. तो आपला षड्ज-पंचम आहे. तंबोरा लावतात तोच. मात्र तो येथे का शोभतो याचे कारण मोठे सुंदर आहे.

गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला ८२.४ कंपने करते. तिला षड्ज मानले तर पंचम येतो १२३.५ वर, गुणोत्तर २ : ३. हे दोन तरंग एकत्र करून कापले, की अधिस्वरांबरोबर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे स्वरही निर्माण होतात. १२३.५ मधून ८२.४ गेले, उरले ४१.१. आता ८२.४ ची दुप्पट करून तीतून १२३.५ वजा करा : ४१.३. दोन्ही वाटांनी आपण जवळजवळ एकाच ठिकाणी पोचलो, आणि ते ठिकाण म्हणजे षड्जाच्या बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज! जो कोणी छेडलाच नाही तो खर्जाचा स्वर विवर्धक स्वतःहून घालतो. या संगीताला येणारे वजन ते हे.

आता पंचमाऐवजी गंधार घ्या. शुद्ध गंधार ४ : ५ या प्रमाणात, म्हणजे १०३.० वर हवा. पण गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात, म्हणून त्यावरचा गंधार १०३.८ वर, जरासा चढा येतो. साध्या गिटारवर हे खपून जाते. विकृतीमुळे अधिस्वर जोरदार झाले की मात्र षड्जाचा पाचपट (४१२) आणि गंधाराचा चौपट (४१५) एकमेकांवर घासतात आणि सेकंदाला तीन विस्पंद ऐकू येतात. वजाबाकीचे स्वरही मग कुठेतरी बेसूर जागी पडतात. सगळा चिखल. नव्या वादकाला वाटते की विवर्धक वाईट आहे, आणि तो महागडा घ्यायला धावतो. दुकानात विवर्धक तपासताना हे ध्यानात ठेवा : षड्ज-पंचम वाजवून पाहा, मग पूर्ण स्वरमेळ. दुसरा चिखल झाला तर तो यंत्राचा दोष नाही. पहिलाच चिखल झाला, तर आहे.

डेसिबेलचा हिशेब

आता वॉटकडे वळू. आपला कान शक्तीची बेरीज करत नाही; तो पटी मोजतो. शक्ती दुप्पट केली तर ध्वनीची पातळी ३ डेसिबेलने वाढते, दहापट केली तर १० डेसिबेलने. आणि साधारणपणे १० डेसिबेल वाढले तेव्हा कुठे माणूस म्हणतो, आवाज दुप्पट झाला. म्हणजे १५ वॉटऐवजी ३० वॉटचा विवर्धक घेतला तर पैसे जवळजवळ दुप्पट, आणि आवाज ‘किंचित मोठा’.

दुसरी गोष्ट दुकानदार बहुधा सांगत नाही. स्पीकरला एक वॉट दिला आणि एक मीटरवर मोजले, तर किती डेसिबेल मिळतात हा त्या स्पीकरचा स्वतःचा गुण असतो. गिटारसाठी बनवलेल्या चांगल्या १२ इंची स्पीकरला ९७ ते १०० डेसिबेल मिळतात. लहान साडेसहा इंचीला ८८-९० च्या आसपास. समजा तुमच्यापुढे दोन पेट्या आहेत. एकात १५ वॉट आणि ९८ डेसिबेलचा मोठा स्पीकर, दुसरीत ४० वॉट आणि ८९ डेसिबेलचा लहान. पहिलीचा जास्तीत जास्त आवाज ९८ अधिक १२, म्हणजे ११० डेसिबेल. दुसरीचा ८९ अधिक १६, म्हणजे १०५. पंधराने चाळीसला हरवले! दुसऱ्या पेटीला बरोबरी करायची तर ४० चे १२० वॉट करावे लागतील.

आणि घरी लागते किती? आकुर्डीच्या एखाद्या इमारतीत, दारे लावून, एक मीटरवर ७५ डेसिबेल म्हणजे सरावासाठी भरपूर. ९८ डेसिबेलच्या स्पीकरला त्यासाठी एका वॉटचा दोनशेवा भाग, म्हणजे ५ मिलिवॉट लागतात. तुमच्या शंभर वॉटांपैकी बाकीचे कपाटावर बसून राहतील. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे, हेही माहीत असलेले बरे. ढोलकीवाला नव्हे, पण पाश्चात्त्य ड्रमचा पूर्ण संच वाजवणारा मित्र सोबत असेल तर गोष्ट वेगळी. तो संच सहज शंभर डेसिबेल ओलांडतो. तेथे १२ इंची स्पीकर आणि ३०-४० खरे वॉट असावेत. त्याहून मोठ्या ठिकाणी विवर्धकापुढे मायक्रोफोन ठेवून आवाज सभागृहाच्या यंत्रणेतून न्यावा; मोठे कलावंतही तेच करतात.

‘खरे वॉट’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. कॅसेटच्या जमान्यात लहानशा टेपरेकॉर्डरवर ‘१००० वॉट पी.एम.पी.ओ.’ असे छापलेले असे. तो आकडा एका क्षणाच्या टोकाचा, आणि तोही कल्पनेतला. असे आकडे आजही दिसतात. त्यांवर उपाय म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम. पेटी उलटी करा. मागच्या पट्टीवर भिंतीतून घेतलेल्या शक्तीचा आकडा असतो, नाहीतर निदान फ्यूजचा. अर्ध्या अँपिअरचा फ्यूज आणि २३० व्होल्ट, म्हणजे ११५ वॉट. यापेक्षा अधिक शक्ती ती पेटी भिंतीतून फार वेळ घेऊच शकत नाही, आणि नेहमीच्या जातीचा ट्रान्झिस्टर विवर्धक घेतल्यापैकी फार तर निम्मी-साठ टक्के स्पीकरला देतो. (नव्या, वेगाने उघडझाप करणाऱ्या ‘क्लास डी’ जातीचे विवर्धक ८५-९० टक्क्यांपर्यंत देतात.) काही उत्पादक मागे सरासरी वापर छापतात, म्हणून थोड्या फरकावरून कोणाला खोटे ठरवू नका. पण पुढे २०० आणि मागे ३० असेल, तर पुढचा आकडा शोभेचा आहे.

विवर्धक मरतो कशाने?

येथे मला थोडे थांबायचे आहे, कारण ‘भरवशाचा’ या शब्दाचा अर्थ येथे आहे. विवर्धक जातो तो बहुधा उष्णतेने. आणि जड संगीत इतर कोणत्याही संगीतापेक्षा त्याला अधिक तापवते.

सतारीची तार छेडली की आवाज क्षणभर मोठा होतो आणि विरत जातो. सरासरी शक्ती थोडी. कापलेला तरंग मात्र चौकोनी, सतत एकाच उंचीवर. पुन्हा आपला २० व्होल्टचा पुरवठा आणि ८ ओहमचा स्पीकर घ्या. साध्या गोलाईदार तरंगाला हा विवर्धक जास्तीत जास्त २५ वॉट देतो, म्हणून त्यावर ‘२५ वॉट’ छापलेले आहे. त्यातूनच पूर्ण उंचीचा चौकोनी तरंग गेला तर स्पीकरला मिळतात २० गुणिले २० भागिले ८, म्हणजे ५० वॉट. म्हणून स्पीकरची क्षमता विवर्धकाच्या छापील आकड्याच्या दुप्पट असलेली बरी. २५ वॉटच्या विवर्धकाला २५ वॉटचाच स्पीकर लावला आणि रोज शेवटपर्यंत वाजवला, तर एक दिवस त्याच्या वेटोळ्याचे वार्निश जळाल्याचा वास येतो.

ट्रान्झिस्टरची गंमत उलटी. आवाज पूर्ण असताना सगळे २० व्होल्ट स्पीकरकडे जातात, ट्रान्झिस्टरवर जवळजवळ काही उरत नाही, आणि तो फारसा तापत नाही. पण व्हॉल्यूम मध्यावर आणा. आता स्पीकरवर १० व्होल्ट आणि उरलेले १० ट्रान्झिस्टरवर. प्रवाह दोघांतून तोच, सव्वा अँपिअर. स्पीकरला साडेबारा वॉट, आणि ट्रान्झिस्टरांतही साडेबारा वॉट, नुसती उष्णता. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नची निम्मी धग बंद पेटीत, एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत! “मी तर अर्ध्यावरच वाजवत होतो, तरी गेला,” ही तक्रार म्हणूनच ऐकू येते. अर्ध्यावर वाजवत होतास, म्हणूनच.

तेव्हा मागच्या जाळीतून आत डोकावून पाहा. पंखे-पंखे असलेला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, म्हणजे उष्णता उडवून देणारा ‘हीट सिंक’, दिसतो का? तो जितका मोठा तितका विवर्धक दीर्घायुषी. दुसरे म्हणजे विद्युत्-विच्छेदी धारित्रे, ती उभी दंडगोलाकार डबी. त्यांचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. ८५ अंशांवर २००० तास टिकणारे धारित्र ६५ अंशांवर ८००० तास टिकेल. पेटी भिंतीला चिकटवून, वर गोधडी टाकून ठेवणारे हेच आयुष्य कापत असतात.

ट्रान्झिस्टर घ्यावा की निर्वात नलिका, हा वाद तुम्ही ऐकला असेल. नलिका तरंग हळूहळू दाबते, ट्रान्झिस्टर एकदम कापतो, म्हणून नलिकेचा आवाज मऊ, हे खरे. पण जड संगीतात तरंग एकामागून एक इतक्या टप्प्यांत कापला जातो, की हा फरक सांगतात तेवढा उरत नाही. नलिका झिजतात, त्या महाग असतात, आणि स्पीकर न जोडता नलिकेचा विवर्धक चालवला तर त्याच्या शेवटच्या रोहित्रात दाब उसळून ते जळू शकते. दहा हजारांत नलिकेचा मोह मी तरी टाळावा म्हणेन. तिसरा प्रकार संगणकी विवर्धकांचा. ते तरंगाचे सेकंदाला हजारो नमुने घेऊन गणिताने कापाकापी करतात. हळू आवाजात आणि हेडफोनवर ते फार छान वाजतात. पण बिघडले की पूर्ण पट्टीच बदलावी लागते. साधा ट्रान्झिस्टर विवर्धक बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या सुट्या भागांनी, सोल्डरिंग जाणणाऱ्या कोणाकडूनही दुरुस्त होतो. भरवसा म्हणजे न बिघडणे एवढेच नव्हे. बिघडल्यावर परत उभे राहणे हेही त्यात आले.

काही जण विवर्धक न घेता, स्वस्त ‘डिस्टॉर्शन’ची डबी सरळ मंडळाच्या स्पीकरला जोडतात आणि गांधीलमाश्यांचे पोळे उठल्यासारखा आवाज आला की हिरमुसतात. कारण सोपे आहे. गिटारचा स्पीकर ५००० कंपनांच्या वरचे जवळजवळ काही वाजवत नाही. कापलेल्या तरंगातले तीक्ष्ण अधिस्वर तो गाळून टाकतो. मंडळाचा भोंगा ते इमानाने वाजवतो. मध्ये असे गाळणारे मंडल असलेली डबी घेतली तर हाही मार्ग चालतो, आणि कमी खर्चाचा आहे.

जुना विवर्धक घेत असाल तर बरोबर एक मल्टिमीटर आणि दीड व्होल्टची पेन्सिल सेल न्या. पेटी बंद असताना स्पीकरची एक तार सोडवून त्याचा रोध मोजा. ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर वेटोळे तुटले आहे. सेल क्षणभर टेकवला की ‘टक्’ आवाज होऊन शंकू हलला पाहिजे. बोटांनी शंकू हळूच आत दाबा. घासल्याची खरखर आली तर तो तापून वाकलेला आहे. मग तार परत जोडून पेटी चालू करा आणि गिटार न लावता स्पीकरवरचा स्थिर दाब मोजा. ट्रान्झिस्टर विवर्धकात तो काही दहा मिलिव्होल्ट असावा. व्होल्टमध्ये असेल तर पैसे खिशातच ठेवा. शेवटी अर्धा तास, मध्यम आवाजात, खरा जड वाजवा. का ते आता तुम्हाला माहीत आहे. विकणाऱ्याने घाई केली तर करू द्या.

‘किमान ८ ओहम’ लिहिलेल्या विवर्धकाला ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडू नका. संरोध ४ होतो, प्रवाह दुप्पट, आणि ट्रान्झिस्टर बळी पडतात. अमेरिकेतल्या मामांनी आणलेला विवर्धक १२० व्होल्टचा असतो. तो सरळ भिंतीत लावला तर एका सेकंदात संपतो. दाब उतरवणारे रोहित्र लावले तरी त्याच्या गाभ्यातले चुंबकत्व ६० ऐवजी ५० कंपनांवर वीस टक्के अधिक असते, आणि ते जास्त तापते.

यापुढची गोष्ट पैशांची नाही. गिटारच्या तारा विवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात, आणि सांगाडा तीन पिनांतल्या मोठ्या पिनेने जमिनीशी. गुणगुण कमी व्हावी म्हणून ही पिन काढून टाकणारे लोक आहेत. नंतर आत एक तार सुटून सांगाड्याला लागली, आणि वादकाचे ओठ दुसऱ्या यंत्रणेच्या मायक्रोफोनला लागले, की २३० व्होल्टचा रस्ता छातीतून जातो. घराच्या त्या जागी भूसंपर्कन खरोखर आहे की नाही हे आधी वायरमनकडून तपासून घ्या. विवर्धक त्यानंतर घ्या.

राहिला कान. कानासाठी सुरक्षित मानलेली एक प्रचलित मर्यादा ८५ डेसिबेल, आठ तास अशी आहे. पातळी ३ डेसिबेलने वाढली की वेळ निम्मी करायची. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. १०० डेसिबेलला उरतात पंधरा मिनिटे. प्रेस शॉपमध्ये पाळी करून आलेल्या मुलाचा त्या दिवसाचा वाटा कदाचित आधीच संपलेला असतो. कारखान्यात मिळणारे फोमचे बोळे सरावालाही तितकेच चालतात.

वादक आवाज नको इतका वाढवतो याला एक भौतिक कारण आहे. ३००० कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ११ सेंटिमीटर, आणि स्पीकर ३० सेंटिमीटरचा. तरंगलांबीपेक्षा मोठ्या उगमातून ध्वनी पसरत नाही, टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. पेटी जमिनीवर असेल तर तो झोत वादकाच्या पोटऱ्यांवर पडतो. त्याला स्वतःला आवाज बोथट वाटतो, म्हणून तो बटणे फिरवत राहतो, आणि समोर बसलेल्याचे कान फाटतात. पेटीच्या पुढच्या कडेखाली एक वीट सरकवून तिचे तोंड आपल्या कानांकडे वळवा, आणि मग व्हॉल्यूम कितीवर ठेवावासा वाटतो ते पाहा.